डीएनएची नक्कल कुठे आधी, कुठे नंतर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या अभ्यासात एस-टप्प्याला, म्हणजे पेशीचक्रातल्या डीएनएच्या नकलेच्या काळाला, जेमतेम दोन ओळी मिळतात: डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रांची संख्या तीच राहते. त्या दोन ओळींच्या मागे काय चालतं याबद्दल सोलापुरातल्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलामुलींकडून, आणि कधीकधी त्यांच्या पालकांकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचा. एक मात्र आधीच सांगतो. 'केंद्रकातली रचना प्रतिकृतीची (म्हणजे नकलेची) वेळ ठरवते' हे वाक्य नोट्समध्ये फार सैलपणे फिरतं, आणि या पानाचा बराच भाग त्या वाक्याशी भांडण्यात गेला आहे.

सगळा डीएनए एकदमच दुप्पट होत नाही का?

नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं, त्यातले आठेक तास एस-टप्प्याचे. या आठ तासांत काही भागांची नक्कल पहिल्या तासातच होते, काहींची अगदी शेवटी. हा क्रम एका चक्राकडून पुढच्या चक्राकडे बऱ्यापैकी तसाच जातो, म्हणून त्याला वेळापत्रक म्हणायचं.

हे कळून साठ वर्षांहून जास्त काळ झाला. जे. हर्बर्ट टेलर यांनी १९५७ मध्ये बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी थायमिडीन देऊन गुणसूत्रांची नक्कल अर्धसंरक्षी पद्धतीने होते हे दाखवलं. १९६० मध्ये त्यांनीच चिनी हॅमस्टरच्या पेशींत गुणसूत्रांचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी खूण घेतात हे दाखवलं. पहिला प्रयोग पुस्तकांत येतो, दुसरा सहसा येत नाही.

एकाच ठिकाणी सुरुवात करून भागलं नसतं का?

गणित करून बघा. माणसाचं पहिलं गुणसूत्र सुमारे २५ कोटी बेसजोड्यांचं. आपल्या पेशींत रेप्लिकेशन फोर्क, म्हणजे धागा उलगडत नक्कल होत जाते तो सांधा, मिनिटाला दीड ते दोन हजार बेस पुढे सरकतो. बरोबर मधोमध एकच ओरिजिन (नक्कल सुरू होण्याची जागा) ठेवला आणि दोन्ही बाजूंनी फोर्क सोडले, तरी त्या एका गुणसूत्राला दीड ते दोन महिने लागतील. पेशी तेवढी थांबत नाही. म्हणून एका चक्रात ३० ते ५० हजार ठिकाणांहून सुरुवात होते.

मार्केट यार्डातल्या कांद्याचा जीनोम माणसापेक्षा मोठा असतो, हे खरं का? मग त्याला जास्त वेळ लागत असेल!

खरं आहे. माणसाचा एकेरी संच ३१० कोटी बेसजोड्यांचा, कांद्याचा सुमारे १६०० कोटींचा. म्हणजे पाचपट, आणि तोही फक्त ८ गुणसूत्रांत बसवलेला. पण वेळ पाचपट लागत नाही. मोठ्या जीनोमच्या वनस्पतींमध्ये पेशीचक्र लांबतं खरं, तरी डीएनएच्या प्रमाणात लांबत नाही, कारण काम समांतर चालतं.

याहून बोलकं उदाहरण आफ्रिकन बेडकाचं, झेनोपसचं. त्याचा जीनोम जवळपास आपल्याएवढा, पण सुरुवातीच्या भ्रूणपेशी तो वीसेक मिनिटांत दुप्पट करतात. त्याच बेडकाच्या प्रौढ पेशींना तासन्‌तास लागतात. डीएनए तोच, फोर्कचा वेगही अफाट बदललेला नाही. बदलतं ते एवढंच की भ्रूणात ओरिजिन एकमेकांजवळ असतात आणि जवळपास एकदमच सुरू होतात. म्हणजे एस-टप्प्याची लांबी मुख्यतः कोण कधी सुरू होतं यावर ठरते, आणि आठ तास हे मापही त्या रांगेतूनच आलेलं आहे.

कुठला ओरिजिन आधी सुरू होणार हे कोण ठरवतं?

आधी दोन पायऱ्या वेगळ्या करा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळतं. पहिली पायरी परवाना देण्याची. विभाजन संपल्यावर, जी-१ टप्प्यात, ओआरसी, सीडीसी६ आणि सीडीटी१ ही प्रथिनं एमसीएम नावाची वलयं डीएनएवर चढवून ठेवतात. ही वलयं गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. दुसरी पायरी प्रत्यक्ष सुरू करण्याची. एस-टप्प्यात सीडीके आणि डीडीके ही दोन किनेझ विकरं आणि त्यांच्या हाताखालची काही प्रथिनं त्यातली काही वलयं चालू करतात.

मेख अशी की दुसऱ्या पायरीची प्रथिनं तुटपुंजी असतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याचा विचार करा. माग चाळीस लावून ठेवलेत आणि कामगार सहाच आले आहेत. दाराजवळचे, मोकळ्या जागेतले माग आधी सुरू होणार. सुताच्या गठ्ठ्यांमागे अडकलेल्या मागांकडे कामगार पोचायला दुपार होणार. कुठला माग आधी लावायचा अशी यादी कुणी दिलेली नसते, तरी संध्याकाळी पाहिलं तर रोजचा क्रम बऱ्यापैकी सारखाच दिसतो.

हे यीस्टमध्ये थेट तपासलं गेलं आहे. २०११ मध्ये दोन गटांनी ही तुटपुंजी प्रथिनं पेशीत मुद्दाम वाढवली, आणि एरवी उशिरा सुरू होणारे ओरिजिन लवकर सुरू झाले. म्हणजे उशिराच्या ओरिजिनमध्ये खोट नसते. त्यांच्यापर्यंत कुणी वेळेत पोचत नाही, एवढंच.

केंद्रकात डीएनए कसा मांडलेला असतो?

दोन मीटर धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवलेला असतो, आणि तो कसाही कोंबलेला नसतो. १९२८ मध्ये एमिल हाइट्झ यांनी रंग गडद धरणाऱ्या भागाला हेटेरोक्रोमॅटिन आणि फिकट भागाला यूक्रोमॅटिन अशी नावं दिली (क्रोमॅटिन म्हणजे प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए). आज तेच चित्र जास्त बारकाईने दिसतं. प्रत्येक गुणसूत्राचा केंद्रकात आपापला इलाका असतो. माणसात आकाराने जवळपास सारखी असलेली १८ आणि १९ ही गुणसूत्रं घ्या. जनुकांनी गच्च भरलेलं १९ आतल्या बाजूला असतं, विरळ १८ कडेला. आणि १९ ची नक्कल एकूणच लवकर होते, १८ ची उशिरा.

केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन प्रथिनांचं अस्तर असतं. जीनोमचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग या अस्तराला टेकलेला असतो, आणि तिथली बहुतेक जनुकं झोपलेली.

२००९ मध्ये हाय-सी हे तंत्र आलं. धाग्याचा कुठला भाग कुठल्या भागाशेजारी आहे हे त्यात रासायनिक पद्धतीने जोडून आणि मग क्रम वाचून मोजतात. त्यातून जीनोमचे दोन मोठे कप्पे दिसले, ए आणि बी. ए मध्ये चालू जनुकं, उघडं क्रोमॅटिन; बी मध्ये बंद, दाट. ए चे भाग ए च्याच संगतीत राहतात, बी चे बी च्या. पुढे २०१२ मध्ये या कप्प्यांच्या आत काही लाख बेसांची लहान घरंही दिसली, ज्यांना टॅड म्हणतात.

वेळ कशी मोजतात?

सध्याची रूढ पद्धत रेप्लि-सेक. वाढत्या पेशींना थोडा वेळ ब्रोमोडीऑक्सियुरिडीन देतात, म्हणजे त्या वेळात बनलेल्या डीएनएवर खूण उमटते. मग प्रत्येक पेशीत एकूण डीएनए किती भरला आहे यावरून यंत्र पेशी वेगळ्या करतं: कमी म्हणजे एस-टप्प्याची सुरुवात, जवळपास दुप्पट म्हणजे शेवट. दोन्ही गटांतला खुणेचा डीएनए प्रतिपिंडाने वेचून क्रम वाचला की नकाशा तयार.

खूण न लावताही काम होतं. एस-टप्प्यातल्या पेशींत लवकर झालेल्या भागाच्या प्रती जास्त असणार, उशिराच्या कमी. नुसतं प्रतींचं गुणोत्तर काढलं तरी तोच आलेख येतो. मला ही पद्धत जास्त आवडते. हुशारी सगळी हिशोबात, रसायनांचा खर्च कमी.

मग 'रचना वेळ ठरवते' असं उत्तरात लिहू का?

इथेच थांबा. हे वाक्य लिहिण्याआधी चार गोष्टी तपासायच्या.

रचनेच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा जुना आहे, १९९२ चा, आणि साध्या यीस्टमधला. यीस्टमध्ये गुणसूत्राच्या टोकाजवळचे ओरिजिन उशिरा सुरू होतात. फर्ग्युसन आणि फँगमन यांनी असा एक उशिराचा ओरिजिन उचलून गोल प्लास्मिडवर ठेवला, तर तो लवकर सुरू झाला. उलट लवकर सुरू होणारा ओरिजिन टोकाजवळ नेऊन ठेवला तर तो उशिरा. क्रमातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, फक्त पत्ता बदलला होता.

दुसरी गोष्ट काळाची. १९९९ मध्ये दिमित्रोव्हा आणि गिल्बर्ट यांनी हॅमस्टरच्या पेशींची केंद्रकं वेगवेगळ्या वेळी काढून बेडकाच्या अंड्याच्या अर्कात टाकली. विभाजनानंतर लगेच काढलेल्या केंद्रकांत नक्कल कुठूनही, कशाही क्रमाने झाली. जी-१ च्या पहिल्या एक-दोन तासांनंतर काढलेल्यांत मात्र नेहमीचा क्रम दिसला. आणि नेमक्या त्याच सुमाराला गुणसूत्रांचे भाग केंद्रकात आपापल्या जागी स्थिरावत होते.

इथवर सगळं रचनेच्या बाजूने. शिवाय २०१० मध्ये वेळेचा नकाशा हाय-सीच्या नकाशावर ठेवला तर तो ए-बी कप्प्यांवर इतका नेमका बसला, की दोन वेगळ्या प्रयोगांतून एकच आलेख आल्यासारखं वाटावं. ए लवकर, बी उशिरा. बहुतेक नोट्स इथे पूर्णविराम देतात.

पण त्याच २०१० मध्ये, त्याच गिल्बर्ट यांच्या प्रयोगशाळेतून उलटं बोलणारा प्रयोगही आला. जी-२ टप्प्यातली, म्हणजे नक्कल पूर्ण झालेली केंद्रकं त्यांनी घेतली. त्यांत सगळे भाग आपापल्या जागी होते, मांडणी हललेली नव्हती. त्यांना अर्कात पुन्हा नक्कल करायला लावली, तर क्रम हरवलेला! घर जसंच्या तसं आणि वेळापत्रक गायब. म्हणजे नुसती जागा पुरत नाही. जी-१ मध्ये क्रोमॅटिनवर आणखी काहीतरी बसतं, आणि नक्कल झाली की ते उतरतं.

चौथी गोष्ट टॅडची. २०१४ मध्ये वेळेच्या पट्ट्यांच्या, म्हणजे साधारण एकाच वेळी नक्कल होणाऱ्या सलग भागांच्या, सीमा टॅडच्या सीमांशी जुळतात असं दिसलं. या सीमा राखणारं प्रथिन म्हणजे सीटीसीएफ. तर्काने पाहता सीटीसीएफ काढलं की सीमा ढासळतील आणि वेळही बिघडेल. प्रत्यक्षात २०१९ मध्ये उंदराच्या मूलपेशींतून ते काढलं तर टॅड विस्कटले, पण वेळ जवळपास तशीच राहिली. उलट एका पट्ट्यातले तीन छोटे तुकडे एकत्र कापले, तर तो सबंध पट्टा लवकरचा उशिराचा झाला, कप्पाही ए चा बी कडे सरकला आणि जनुकंही मंदावली.

यातून मी काढतो तो अर्थ असा. वेळ आणि जागा या दोघींची चावी डीएनएवरच्या अशा काही तुकड्यांत आणि त्यांवर बसणाऱ्या प्रथिनांत आहे. दोन्ही बरोबर हलतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. उत्तरपत्रिकेत 'निगडित आहे' लिहा, 'ठरवते' लिहू नका. तपासणाऱ्याला फरक पडो न पडो.

रिफ१ हे नाव सारखं येतं. त्याचं काम काय?

ते उशीर लावतं. डीडीके हे विकर एमसीएमवर फॉस्फेट चढवून ओरिजिन चालू करतं. रिफ१ आपल्यासोबत पीपी१ नावाचं फॉस्फेटेझ आणतं आणि ते फॉस्फेट उतरवतं. रिफ१ चं ठाण मुख्यतः उशिराच्या भागांवर. २०१२ मध्ये यीस्ट, उंदीर आणि माणूस तिन्हींत दिसलं की ते काढलं की वेळापत्रक विस्कटतं.

याचं सगळ्यात सुंदर दर्शन फळमाशीच्या भ्रूणात होतं. तिथे पहिल्या चक्रांत एस-टप्पा तीन-चार मिनिटांत उरकतो, लवकर-उशिरा असा भेदच नसतो. चौदाव्या चक्रात तो एकदम पन्नासेक मिनिटांचा होतो, कारण त्या वेळी रिफ१ पुनरावृत्त क्रमांच्या दाट भागांवर जाऊन बसतं. एकेका भागावरून ते उठतं, आणि मगच त्या भागाची नक्कल सुरू होते.

शरीरातल्या सगळ्या पेशींचं वेळापत्रक एकच असतं का?

नाही. मूलपेशीपासून वेगवेगळ्या ऊती होताना जीनोमच्या जवळपास अर्ध्या भागाची वेळ कुठे ना कुठे बदलते. हा बदल चार ते आठ लाख बेसांच्या पट्ट्यांनी होतो, एकेका जनुकाने नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन जनुकांचा पट्टा रक्तपेशींच्या वंशात लवकर होतो, इतरत्र उशिरा. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यांतलं एक बंद असतं (मेरी लायन, १९६१), आणि ते बंद एक्स शेजारच्या चालू एक्सपेक्षा उशिरा दुप्पट होतं. क्रम जवळजवळ सारखा, केंद्रक तेच, तरी वेळ वेगळी.

एकाच प्रकारच्या दोन पेशींतही ओरिजिन तंतोतंत तेच वापरले जात नाहीत. त्यात नशिबाचा भाग मोठा. पण पट्ट्यांच्या पातळीवर क्रम टिकतो, हे एकेकट्या पेशीचे नकाशे काढल्यावर स्पष्ट झालं.

उशिरा झालं म्हणून बिघडलं काय?

बरंच. उशिरा नक्कल होणाऱ्या भागांत उत्परिवर्तनं जास्त साठतात, हे २००९ मध्ये माणसाच्या जीनोममध्ये दिसलं. एक कारण दुरुस्तीचं. चुकीची जोडी दुरुस्त करणारी यंत्रणा लवकरच्या भागांत जास्त चोख काम करते. कर्करोगाच्या ज्या गाठींत ही यंत्रणाच मोडलेली असते, तिथे लवकर आणि उशिरा भागांतला फरक बराचसा पुसला जातो, आणि तोच या कारणाचा पुरावा.

याचा फटका कर्करोगाच्या संशोधनालाही बसला होता. गाठींत वारंवार बदललेल्या जनुकांच्या याद्यांमध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं वर येत होती. फुप्फुसाच्या कर्करोगाचा वासाशी काय संबंध? काही नाही. ती जनुकं उशिरा दुप्पट होतात, म्हणून त्यांत तसेही बदल जास्त साठतात. २०१३ मध्ये वेळ हिशोबात धरून याद्या पुन्हा काढल्या तेव्हा असली बरीच नावं गळाली.

दुसरा प्रकार नाजूक जागांचा. तिसऱ्या गुणसूत्रावर एफएचआयटी नावाचं सुमारे १५ लाख बेस लांबीचं जनुक आहे. लिंफोसाइट पेशींत त्याच्या मधल्या भागात ओरिजिन सुरूच होत नाहीत, दोन्ही कडांचे फोर्क लांबून यावे लागतात. जराशी दिरंगाई झाली की विभाजन सुरू होतं आणि काम अपुरं राहतं, आणि तिथे गुणसूत्र तुटतं. फायब्रोब्लास्ट पेशींत ओरिजिनांची मांडणी वेगळी, म्हणून तिथे हीच जागा तेवढी नाजूक नसते. राहिलेलं काम पेशी कधीकधी विभाजन सुरू झाल्यावरही घाईघाईत पुरं करते.

सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

यंत्रणेच्या पातळीवर आहे. हे औषध डीएनएचा कच्चा माल बनवणारं विकर अडवतं, त्यामुळे फोर्क मंदावतात. अशा वेळी एरवी न वापरलेली, राखीव एमसीएम वलयं कामी येतात. सिकलसेलमध्ये त्याचा फायदा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढण्यातून होतो. गोळी चालू-बंद करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचा.

जिवाणूंचं काय?

ई. कोलायचा जीनोम ४६ लाख बेसजोड्यांचा, ओरिजिन एकच, सुमारे ४० मिनिटांत काम खलास. तिथे वेळ म्हणजे ओरिजिनपासूनचं अंतर. भराभर वाढणाऱ्या पेशीत ओरिजिनजवळच्या जनुकांच्या प्रती जास्त असतात, आणि रायबोसोमची जनुकं त्याच बाजूला असणं हा योगायोग नाही.

ज्वारीवर, डाळिंबावर हे लागू होतं?

वनस्पतींमध्ये सगळ्यात तपशीलवार काम मक्याच्या मुळांच्या टोकांवर झालं आहे, आणि मका हा ज्वारीचा जवळचा भाऊबंद. चित्र ओळखीचं आहे. गुणसूत्रांच्या भुजांवरचे जनुकांनी भरलेले भाग आधी, पुनरावृत्त क्रमांनी भरलेला दाट भाग नंतर. ज्वारीचा जीनोम मक्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, सुमारे ७३ कोटी बेसजोड्या, आणि दोन्ही संच मिळून २० गुणसूत्रं. त्याचा क्रम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मालदांडीचं पोतं घरात असणाऱ्या जिल्ह्यातून कुणी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय घेतला, तर मला आनंदच होईल.

पाच गुणांना किती लिहायचं?

परवाना आणि सुरुवात या दोन पायऱ्या, ए-बी कप्पे, रिफ१ आणि बंद एक्सचं उदाहरण. आकृतीत फोर्कचे बाण उलटे काढू नका.

यातलं काही इथे सोलापुरात करून बघता येईल?

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड प्रत्येक महाविद्यालयात होते, पण त्यात विभाजन दिसतं, एस-टप्पा नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एस-टप्प्यातलं केंद्रक आणि जी-१ मधलं केंद्रक सारखंच दिसतं. खूण लावायला प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो, नकाशा काढायला पेशी वेगळ्या करणारं यंत्र.

नकाशा वाचायला मात्र यातलं काही लागत नाही. यूसीएससी जीनोम ब्राउझर फुकट आहे, मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर उघडा. माणसाची २००९ ची आवृत्ती, म्हणजे एचजी१९, निवडा. शोधाच्या चौकटीत एचबीबी हे बीटा-ग्लोबिनचं जनुक टाका आणि दृश्य २० लाख बेसांपर्यंत मोठं करा. खाली नियमनाच्या गटात एन्कोड प्रकल्पाचा रेप्लि-सेकचा ट्रॅक आहे. त्यात के५६२ आणि हेला या दोन पेशी लावा. पहिली रक्तपेशींच्या वंशातली, दुसरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातली. आलेख वर म्हणजे लवकर, खाली म्हणजे उशिरा. त्याच गटात लॅमिनला टेकलेल्या भागांचाही एक ट्रॅक आहे, तोही चालू करा आणि डावीउजवीकडे सरकत जा. लॅमिनचे ठोकळे कुठे संपतात आणि वेळेचा आलेख कुठे चढायला लागतो, ते पट्टी धरून मोजा. दोन्ही सीमा कुठे जुळतात आणि कुठे नाहीत याची यादी करा, आणि न जुळलेल्या जागी कुठली जनुकं आहेत ते आधी बघा.